दहा दिवसांची परीक्षा
(डॉ. कमलाबाई सोहोनी यांचा जीवनपरिचय)



दानीएलाच्या ग्रंथाचा पहिला अध्याय आपणांपैकी बहुतेकांना शब्बाथशाळेपासून परिचित आहे. बाबेलच्या राजवाड्यात नेलेल्या चार यहूदी तरुणांपुढे राजाच्या मेजवानीतील अन्न व द्राक्षारस ठेवण्यात आला. त्या अन्नाने विटाळ होऊ द्यायचा नाही, असा त्यांनी मनाशी निश्चय केला. परंतु कारभाऱ्याशी वाद घातला नाही की आपल्या मताचा हट्ट धरला नाही. त्यांनी एक साधी विनंती केली. दहा दिवस आम्हांला शाकान्न व पाणी द्यावे, नंतर आमचे चेहरे इतरांच्या चेहऱ्यांशी ताडून पाहावेत आणि मग काय ते ठरवावे. त्या तरुणांचा हेतू धार्मिक होता. तथापि त्यांनी सुचवलेली रीत आजच्या प्रयोगशाळेतही मान्य होईल अशी आहे. दोन गट, दोन आहार, ठराविक मुदत आणि अखेरीस प्रत्यक्ष परिणामावरून निर्णय!

आता क्षणभर बाबेलहून भिलाईस या. पोलाद कारखान्याच्या वसाहतीतील एखाद्या सेक्टरच्या बाजारात संध्याकाळच्या वेळी उभे राहा. किराणा दुकानाच्या दारावर रंगीबेरंगी पाकिटांच्या माळा लोंबत असतात. कोणावर खेळाडूचे चित्र, कोणावर हसऱ्या बालकाचे. कोठे शक्तीचे आश्वासन, कोठे उंची वाढण्याचे. शाळा सुटलेली मुले नेमकी त्याच माळांखाली गर्दी करतात. आपणही घाईत असतो, आणि मुलाच्या हाती एक पाकीट देऊन पुढे चालू लागतो. राजाच्या मेजवानीचे ताट आता पाच-दहा रुपयांत मिळू लागले आहे. परंतु ते घेण्यापूर्वी दहा दिवसांची परीक्षा मागणारा दानीएल आपल्या घरात आहे काय?

अशी परीक्षा मागणे हेच जिच्या आयुष्याचे सूत्र होते, अशा एका मराठी विदुषीची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे. डॉ. कमलाबाई सोहोनी या ख्रिस्ती नव्हत्या. परंतु गोरगरिबांच्या ताटातील अन्न खरे असावे आणि त्याविषयी सांगितले जाते तेही खरे असावे, यासाठी त्यांनी जे केले, ते कोणत्याही विश्वासणाऱ्याने आदराने वाचावे असे आहे.

रसायनशास्त्रज्ञांच्या घरात

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंदूर येथे नारायणराव भागवत यांच्या घरी कमलेचा जन्म झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ, चुलते माधवराव हेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या ज्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला लोक टाटा इन्स्टिट्यूट म्हणत, त्या संस्थेच्या अगदी आरंभीच्या विद्यार्थ्यांत या दोघा बंधूंची गणना होते. थोरली बहीण दुर्गा पुढे लोकसाहित्याची थोर अभ्यासक व निर्भीड लेखिका म्हणून महाराष्ट्रास ज्ञात झाली. एकीने शब्दांची पारख केली, दुसरीने अन्नाची. सत्याशी तडजोड न करण्याचा स्वभाव मात्र दोघींचा एकच होता.

१९३३ मध्ये कमला मुंबई विद्यापीठाची पदवी परीक्षा रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन उत्तीर्ण झाली, तीही सर्वांत अग्रस्थानी राहून. वडील व चुलते जेथे शिकले तेथेच पुढील संशोधन करावयाचे, हे तिच्या दृष्टीने ठरल्यासारखे होते. तिने बंगळूरला अर्ज पाठवला. तो नामंजूर झाला. गुण कमी पडले म्हणून नव्हे, तर अर्जदार स्त्री होती म्हणून!

एका वर्षाची परीक्षा

त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले होते आणि अवघ्या देशाला त्यांचा अभिमान होता. अशा माणसाने दिलेला नकार म्हणजे जणू अंतिम निकाल. परंतु सत्याग्रह हा शब्द त्या काळी घराघरांत पोहोचलेला होता. विशीतील ही मुलगी स्वतः बंगळूरला गेली, संचालकांपुढे उभी राहिली आणि स्त्री असणे हे अपात्रतेचे कारण कसे होऊ शकते, याचे उत्तर मिळेपर्यंत तेथून हलण्यास तिने नकार दिला.

रामन यांनी अखेर प्रवेश दिला, परंतु अटी घालून. पहिले वर्ष ती नियमित विद्यार्थिनी मानली जाणार नाही. तिच्या कामाच्या दर्जाविषयी संचालकांची खात्री झाली तरच ते काम ग्राह्य धरले जाईल. आणि तिच्या उपस्थितीने पुरुष संशोधकांच्या कामात व्यत्यय येता कामा नये. वाचकहो, या शेवटच्या अटीतील अपमान आपल्या लक्षात आलाच असेल. कमलेने तो गिळला आणि अटी मान्य केल्या. मात्र ती तो विसरली नाही. रामन थोर वैज्ञानिक होते, परंतु स्त्रियांच्या बाबतीत त्यांची दृष्टी संकुचित होती, हे त्यांनी उतारवयातही स्पष्टपणे सांगितले.

मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या हे शिस्तीचे कठोर, परंतु विद्येच्या बाबतीत उदार होते. त्यांच्या हाताखाली कमलेने दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास आरंभला. विषयाची निवड पाहा. भारतातील बहुसंख्य लोकांना मांस क्वचितच मिळे. त्यांचे बळ म्हणजे भाकरीबरोबरची वाटीभर डाळ. त्या वाटीत नेमके काय आहे, याचा शोध तिने घेतला. वर्ष संपले. रामन यांची खात्री पटली. कमलेचे काम ग्राह्य धरले गेले आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे संस्थेचे दार पुढील मुलींसाठी उघडले. १९३६ मध्ये तिने विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. पदवी मिळवली. दानीएलाची परीक्षा दहा दिवसांची होती. कमलेची बारा महिन्यांची झाली. दोन्ही ठिकाणी निकाल प्रत्यक्ष परिणामावरून लागला, हे ध्यानात घ्या.

केंब्रिजचे दिवस

१९३७ मध्ये ती केंब्रिज विद्यापीठात दाखल झाली. तेथील जीवरसायनशास्त्राच्या संस्थेचे प्रमुख सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स हे होते. १९१२ साली या हॉपकिन्स यांनी उंदरांचे दोन गट करून एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. दोन्ही गटांना शुद्ध केलेली प्रथिने, पिष्ट, साखर, चरबी व क्षार दिले. एका गटाला त्याशिवाय दिवसाकाठी केवळ दोन-तीन घनसेंटिमीटर दूध. दूध मिळालेले उंदीर वाढले, दुसऱ्यांची वाढ खुंटली. मग दूध एका गटाचे काढून दुसऱ्याला दिले, तेव्हा चित्र उलटे झाले. अन्नात वजनाने नगण्य, परंतु जीवनास अत्यावश्यक असे काही असते, हे यावरून दिसले. त्यालाच आपण आज जीवनसत्त्व म्हणतो. या कार्याबद्दल १९२९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोण्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या मार्गारिनची तपासणीही त्यांनी केली आणि दिसायला सारखे असले तरी लोण्यातील जीवनसत्त्वे त्यात नाहीत, हे दाखवून दिले. कारखान्यातील अन्न खऱ्या अन्नासारखे दिसते, म्हणून ते तसेच असते असे नाही, हा धडा या संस्थेच्या भिंतींतच होता.

कमलेने तेथे प्रथम डेरेक रिक्टर व नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले. बटाट्यावर काम करीत असताना वनस्पतींच्या ऊतींतही सायटोक्रोम सी हे द्रव्य असते व पेशींच्या श्वसनक्रियेत त्याचा वाटा असतो, असे तिला आढळले. अवघ्या चौदा महिन्यांत तिचे संशोधन पूर्ण झाले. प्रबंध होता केवळ चाळीस पानांचा. १९३९ मध्ये तिला पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिचा उल्लेख केला जातो. परदेशात राहून नाव व पैसा मिळवणे तिला शक्य होते. ती त्याच वर्षी मायदेशी परतली.

कुन्नूरहून मुंबईस

दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाची प्रमुख म्हणून काम केल्यावर कमलाबाई निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक झाल्या व तेथे त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. ही प्रयोगशाळा रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उभी केली होती. त्यांचाही एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी उंदरांच्या एका गटाला पंजाबातील शीख शेतकऱ्यांचा आहार दिला, म्हणजे गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ व भाज्या. दुसऱ्याला इंग्लंडमधील गरिबांचा, म्हणजे पांढरा पाव, मार्गारिन, गोड चहा, मुरंबा व डब्यातील मांस. पहिले धष्टपुष्ट राहिले, दुसरे खुरटले, आजारी पडले व एकमेकांवर धावून जाऊ लागले. वाचकहो, त्या दुसऱ्या ताटातील पदार्थांची यादी पुन्हा एकदा वाचा. आपल्या घरातील मुलांच्या डब्याशी ती ताडून पाहण्याचे धैर्य आपल्यात आहे काय?

१९४७ साली विमा-गणिततज्ज्ञ माधवराव सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्या मुंबईस आल्या. पुढील दोन दशके रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, म्हणजेच आजची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, ही त्यांची कर्मभूमी झाली. तेथे जीवरसायनाच्या प्राध्यापक म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांची एक पिढी घडवली. त्यांनी विद्यार्थ्यांना दिलेले विषय हे बहुधा गरिबांच्या स्वयंपाकघरातले असत: कडधान्ये, भाताचे पीठ, नीरा, ताडगूळ.

कडधान्यांविषयी त्यांच्या प्रयोगशाळेने केलेले काम प्रत्येक गृहिणीच्या उपयोगाचे आहे. अनेक कच्च्या कडधान्यांत अशी द्रव्ये असतात, की ती आपल्या आतड्यातील ट्रिप्सिन या पाचकरसाचे काम रोखून धरतात. त्यामुळे धान्यात प्रथिने भरपूर असूनही शरीराला ती पुरती मिळत नाहीत. या द्रव्यांपैकी बहुतेकांचा प्रभाव उष्णतेने नाहीसा होतो. आपल्या आजी वाल भिजवीत, मोड आणीत, सोलीत आणि मग चांगले शिजवीत. ते केवळ चवीसाठी नव्हते. अन्नाचे मूल्य त्यातील घटकांच्या आकड्यावर जितके अवलंबून असते, तितकेच ते कसे तयार झाले यावरही असते, हे यावरून दिसते. आज पाकिटावर प्रथिनांचा आकडा ठळक छापलेला पाहून आपण हुरळून जातो, तेव्हा हे लक्षात ठेवणे बरे.

नीरा आणि राष्ट्रपती

स्वतंत्र भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताड व शिंदीच्या झाडातून स्रवणारा हा गोड रस पहाटे ताजा प्यावा. ऊन चढले की तो आंबू लागतो व त्याची ताडी होते. या रसात अ व क जीवनसत्त्वे आणि लोह चांगल्या प्रमाणात असतात, आणि रस आटवून केलेल्या ताडगुळातही त्यांचा अंश टिकून राहतो, असे त्यांना दिसून आले. आदिवासी भागातील कुपोषित किशोरवयीन मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा झाली. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

भिलाईच्या वाचकांना येथे एक गोष्ट आठवेल. याच राजेंद्रबाबूंच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देश पोलादाने उभा राहावा, म्हणून त्यांनी भट्टी पेटवली. देशाची माणसे बळकट व्हावीत, म्हणून एका संशोधिकेला झाडाच्या रसाकडे पाहण्यास सांगितले. राष्ट्रबांधणीला दोन्ही हवीत. भिलाईत विदर्भातून, केरळातून, आंध्रातून, बंगालातून माणसे आली, नवी घरे झाली, पगार वेळेवर होऊ लागला. परंतु पगाराबरोबर बाजार आला आणि बाजाराबरोबर पाकीट. गावाकडे सातूचे पीठ, चणे-फुटाणे, मुरमुरे खाऊन वाढलेल्यांच्या नातवंडांना आज हे पदार्थ जुनाट वाटू लागले आहेत.

कमलाबाई पुढे इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. मात्र ही नेमणूक संस्थेतील अंतर्गत राजकारणामुळे काही वर्षे रखडली. १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या. बंगळूरच्या दारात सुरू झालेला लढा असा अखेरपर्यंत चालला.

प्रयोगशाळेतून दुकानाच्या दारात

बहुतेकांचे चरित्र निवृत्तीपाशी संपते. कमलाबाईंच्या चरित्रातील आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र या काळाशी निगडित आहे.

१९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहक संघटना स्थापन केली. तो टंचाईचा काळ होता. दुधात पाणी, तिखटात विटेची पूड, हळदीत मेटॅनिल यलो हा विषारी रंग, मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल: भेसळीला सीमा नव्हती. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ सालीच झाला होता. परंतु कायदा पुस्तकात होता आणि भेसळ ताटात. संघटनेने पदार्थ तपासण्यास आरंभ केला आणि गृहिणीला घरी भेसळ ओळखता यावी, म्हणून साधनेही तयार केली. केंब्रिजची पदवी व संचालकपदाचा अनुभव असलेल्या कमलाबाई या संघटनेच्या कामात मनापासून उतरल्या. संघटनेच्या 'कीमत' या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी त्यांनी लेख लिहिले. विद्यार्थ्यांसाठी मराठीतून विज्ञानाची पुस्तके लिहिली. १९८२-८३ मध्ये त्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या.

ती वर्षे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती दिसू लागल्या होत्या. १९८२ मध्ये पडदा रंगीत झाला. १९८३ मध्ये झटपट शिजणाऱ्या शेवया भारतीय बाजारात आल्या. आतापर्यंत दुकानदार माल तोलून देत असे आणि त्याच्या तराजूवर आपली नजर असे. यापुढे माल विकण्याचे काम चित्र व गाणे करू लागले, आणि त्यांचे पहिले गिऱ्हाईक झाले आपले मूल.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. पाकीट हे आपले शत्रू म्हणून आलेले नाही. सुट्या मालातील भेसळीला कंटाळलेल्या ग्राहकाला बंद पाकिटाने शुद्धतेचे, वजनाचे व स्वच्छतेचे आश्वासन दिले, आणि ते बऱ्याच अंशी खरेही होते. १९९८ च्या उन्हाळ्यानंतर दिल्लीत सुट्या मोहरीच्या तेलातील धोत्र्याच्या भेसळीने साठांहून अधिक माणसे दगावली, तेव्हा बंद डब्यातील तेलच घ्यावे असे सर्वांना वाटले, ते साहजिक होते. परंतु बंद पाकिटाने भेसळ करणाऱ्याचा हात रोखला, तसे आपले डोळेही झाकले. दाणा पाहता येत नाही, वास घेता येत नाही. उरते ते केवळ पाकिटावरचे चित्र.

आणि चित्र कसे फसवते, याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. ताडाच्या झाडाचे चित्र असलेला तो डबा जाहिरातींच्या जोरावर घरोघर पोहोचला आणि त्याचे नाव वनस्पती तुपालाच पडले. साजूक तूप न परवडणाऱ्या घरांना तो आधार वाटला. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट करताना त्यात जे ट्रान्स मेद निर्माण होतात, ते हृदयाला घातक आहेत, याचे भक्कम पुरावे १९९० च्या दशकात पुढे आले. खाद्यतेले व मेद यांतील ट्रान्स मेदाचे प्रमाण शेकडा २ पेक्षा अधिक नसावे, हा भारतातील नियम लागू झाला तो जानेवारी २०२२ मध्ये. डब्यापासून नियमापर्यंत पंच्याऐंशी वर्षे गेली! डब्यात भेसळ नव्हती. जे छापले होते तेच आत होते. तरीही हानी झाली. म्हणून भेसळ ओळखण्याइतकेच, शुद्ध असलेले अन्न हितकारक आहे की नाही, हे ओळखणेही आवश्यक आहे.

अखेरचा सन्मान

आयुष्याच्या अखेरीस देशाला कमलाबाईंची आठवण झाली. १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. सन्मान उशिरा आला, परंतु त्यांनी केलेले काम सन्मानाची वाट पाहत थांबलेले नव्हते.

कुन्नूरची ती प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. मे २०२४ मध्ये या संस्थेने भारतीयांसाठी आहारविषयक सतरा मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. देशातील एकूण आजारांच्या भारापैकी शेकडा ५६.४ भार हा अयोग्य आहाराशी निगडित आहे, असा तिचा अंदाज आहे. मीठ, साखर व मेद यांनी भरलेले कारखानी पदार्थ कमी खावेत आणि पाकिटावरील मजकूर वाचून मगच वस्तू निवडावी, असे त्या सूत्रांत सांगितले आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र शासनाने ऑनलाइन विक्रेत्यांना दुधात मिसळण्याच्या पुडी 'आरोग्यपेय' या सदरातून काढण्यास सांगितले, कारण अन्नसुरक्षा कायद्यात आरोग्यपेयाची व्याख्याच नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण ज्या शब्दावर विश्वास ठेवून डबा विकत घेतला, त्या शब्दाला कायद्यात आधारच नव्हता!

आपली परीक्षा

वाचकहो, कमलाबाईंच्या आयुष्यातून आपण कोणता बोध घ्यावा? आपणांपैकी फारच थोडे केंब्रिजला जातील. परंतु परीक्षा मागण्यासाठी केंब्रिज लागत नाही.

पाकीट हातात आले की ते उलटे करा. पुढच्या बाजूस जाहिरात असते, मागच्या बाजूस कबुली. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी, असा नियम आहे. म्हणून पहिली तीन नावे वाचली तरी पुष्कळ कळते. बिस्किटाच्या वेष्टनावर दूध व गव्हाचे कणीस चितारलेले असेल आणि यादीत पहिले नाव मैद्याचे, दुसरे साखरेचे, तिसरे पामतेलाचे असेल, तर खरे काय ते आपणच ठरवा. साखर टोपणनावांनीही येते: ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मिठाचे वजन निघते. प्रौढ माणसाने दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आकडे शंभर ग्रॅमचे आहेत की एका वाढणीचे, हे पाहा. वाढणी कधी कधी इतकी लहान दाखवलेली असते की तेवढ्यावर कोणतेही मूल थांबत नाही.

भिलाईच्या भोवतालच्या दुर्ग जिल्ह्यातील शेतकरी भाताच्या उभ्या पिकात तिवरा फेकून पेरतात. विदर्भात तिला लाख किंवा लाखोळी म्हणतात. ही डाळ दिवसेंदिवस मुख्य अन्न म्हणून खाल्ली, तर पाय लुळे पडण्याचा विकार होऊ शकतो. म्हणून १९६१ पासून अनेक राज्यांनी तिच्या विक्रीवर बंदी आणली. तूरडाळीत व बेसनात तिची भेसळ हा जुना रोग आहे. १९६४ मध्ये तिच्यातील विषारी द्रव्य वेगळे करण्यात आले, आणि पुढे रायपूरच्या कृषी विद्यापीठाने ते द्रव्य अत्यल्प असलेले 'महातिवरा' हे वाण शेतकऱ्यांना दिले. जिच्या भीतीने लोक पळत होते, तिला तपासून सुधारता आले. घाबरून टाकून देणे आणि डोळे मिटून गिळणे, या दोहोंच्या मध्ये तपासण्याचा एक मार्ग असतो. कमलाबाई त्याच मार्गाने चालल्या.

संदेष्टा आमोस याने गव्हाबरोबर भूस विकणाऱ्यांना आणि खोट्या तराजूने गरिबाला लुटणाऱ्यांना किती कठोर शब्दांत दोष दिला, ते आपण जाणता. त्याच्या दृष्टीने तो केवळ व्यापारातील गैरव्यवहार नव्हता, तर देवाविरुद्ध पाप होते. मग आपल्या शब्बाथशाळेत, नाताळच्या कार्यक्रमात, तरुणांच्या शिबिरात आपण देवाच्या नावाने जमलेल्या बालकांच्या हाती काय ठेवतो, हा प्रश्न लहान कसा मानावा? पाकिटे वाटणे सोपे असते, हे खरे. परंतु भाजलेले शेंगदाणे व गूळ, उकडलेले चणे, एखादे केळे किंवा पेरू यांना फारसा अधिक खर्च येत नाही.

येत्या दहा दिवसांसाठी आपल्या घरात एवढेच करून पाहा. मुलांना बरोबर घेऊन पाकिटांचा मागील मजकूर वाचा, आणि संध्याकाळच्या खाण्यात पाकिटाऐवजी घरचे काही ठेवा. दहाव्या दिवशी निर्णय त्यांनाच करू द्या. मुले आपण समजतो त्यापेक्षा अधिक प्रामाणिक परीक्षक असतात. बाबेलच्या त्या चार तरुणांनी आणि बंगळूरच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या मुलीने परीक्षेला भिण्याचे नाकारले होते. आपल्या स्वयंपाकघरानेही भिऊ नये.